बेंजामिन बटन पाहून कुणी रडतं, कुणी कंटाळतं: असं का?

‘द क्युरिअस केस ऑफ बेंजामिन बटन’ हा चित्रपट २५ डिसेंबर २००८ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला. म्हातारा म्हणून जन्माला आलेला आणि वर्षागणिक तरुण होत गेलेला माणूस, एवढ्या एका कल्पनेवर उभी असलेली १६६ मिनिटांची गोष्ट. इतकी वर्षं उलटली तरी या चित्रपटाबद्दल दोन तट कायम आहेत. काहींच्या मते काळाबद्दल इतकं हळवं कुणी दाखवलेलंच नाही. काहींच्या मते पावणेतीन तास सुंदर चित्रं बघितली, पण मनाला काही भिडलं नाही. एकाच घरात एकत्र बसून पाहिलेल्या दोघांपैकी एकजण डोळे पुसत असतो आणि दुसरा विचारतो, “यात रडण्यासारखं काय होतं?”

हा प्रश्न मला रास्त वाटतो, आणि त्याचं उत्तर नुसतं ‘आवड आपापली’ म्हणून सोडून देण्यासारखं नाही. या चित्रपटात उलटं नेमकं काय होतं आणि काय होत नाही, हे नीट लक्षात घेतलं की दोन्ही प्रतिक्रिया कळतात. म्हणून आधी गोष्ट, मग तिच्यातलं गणित आणि मग आक्षेप, असं जाऊ. शेवटापर्यंतचं कथानक पुढे येणार आहे. ज्यांना आधी चित्रपट पाहायचा असेल त्यांनी इथेच थांबावं.

### गोष्ट काय आहे

११ नोव्हेंबर १९१८. पहिलं महायुद्ध संपल्याच्या दिवशी न्यू ऑर्लिन्स शहरात एक मूल जन्मतं. आकार तान्ह्या बाळाचा, पण कातडी सुरकुतलेली, डोळ्यांत मोतीबिंदू, सांधे आखडलेले. डॉक्टर सांगतात, हे ऐंशी पार केलेल्या माणसाचं शरीर आहे, फार दिवस काढणार नाही. आई बाळंतपणात गेलेली. बाप घाबरून मूल एका वृद्धाश्रमाच्या पायरीवर सोडून पळतो. तिथे काम करणारी क्वीनी ही कृष्णवर्णीय बाई त्याला उचलते आणि आपलं म्हणून वाढवते.

आश्रमात सगळेच म्हातारे, त्यामुळे हा विचित्र मुलगा तिथे खपून जातो. चाकाच्या खुर्चीतून कुबड्यांवर, कुबड्यांवरून पायांवर असा तो सुधारत जातो. १९३० साली त्याला डेझी भेटते, आश्रमातल्या एका आजींची चिमुरडी नात. पुढे तो बोटीवर कामाला लागतो, रशियातल्या मुर्मान्स्क बंदरात एका विवाहित ब्रिटिश बाईच्या प्रेमात पडतो, दुसऱ्या महायुद्धातून वाचून परत येतो. डेझी नर्तकी होते, पॅरिसमध्ये अपघातात तिचा पाय मोडतो. १९६२ मध्ये दोघं अखेर एकत्र राहू लागतात. १९६८ मध्ये मुलगी होते, कॅरोलाइन. आणि मुलगी जेमतेम वर्षाची असताना बेंजामिन घर सोडून निघून जातो.

हे सगळं आपल्याला कळतं ते २००५ साली. मरणाला टेकलेली डेझी रुग्णालयात आहे, बाहेर कॅटरिना वादळ येऊन ठेपलंय आणि मोठी झालेली कॅरोलाइन आईच्या उशाशी बसून बेंजामिनची डायरी वाचतेय. आपला खरा बाप कोण होता, हे तिला त्या वाचनातूनच समजतं.

### उलटं काय होतं?

इथेच बहुतेकांची गल्लत होते. बेंजामिनचं फक्त शरीर उलटं चालतं. मन नाही, आठवणी नाहीत, काळ तर नाहीच. तो पाच वर्षांचा असतो तेव्हा त्याचं मन पाच वर्षांच्या पोराचंच असतं. फक्त ते ऐंशीच्या देहात अडकलेलं असतं. त्याची माणसं सुलट क्रमानेच मरतात आणि त्यालाही दुःख सुलटच होतं.

चित्रपटाने हा नियम सुरुवातीच्याच काही मिनिटांत सांगून ठेवलाय. एका आंधळ्या घड्याळजीचा मुलगा महायुद्धात मारला जातो. रेल्वे स्थानकासाठी तो मोठं घड्याळ बनवतो आणि उद्घाटनाला सगळ्यांच्या लक्षात येतं की काटे उलटे फिरतायत. युद्धात गेलेली पोरं कदाचित परत येतील म्हणून असं केलं, असं तो सांगतो. घड्याळ पुढे अनेक दशकं उलटं चालतं आणि एकही मुलगा परत येत नाही. काटे उलटे फिरवता येतात, घडून गेलेलं उलटवता येत नाही, हे तिथेच ठरतं.

आता थोडी वजाबाकी करू, कारण त्याशिवाय या प्रेमकथेतला पेच उलगडत नाही. बेंजामिन १९१८ मध्ये जन्मतो आणि २००३ च्या वसंतात मरतो, म्हणजे जगतो साधारण ८४ वर्षं. मग कुठल्याही वर्षी त्याच्या शरीराचं वय काढायचं तर ८४ मधून जगलेली वर्षं वजा करायची. १९३० मध्ये तो आतून १२ वर्षांचा आहे, दिसतो ७२ चा. डेझी सहाच्या आसपास. त्यांची मैत्री ही दोन मुलांची मैत्री आहे, पण बघणाऱ्याला दिसतो एक म्हातारा आणि एक चिमुरडी. १९४५ मध्ये तो आतून २६ चा आणि दिसायला पन्नाशी उलटलेला, ती २१ ची. १९८० मध्ये तो आतून ६१ चा, अंगाने २३ चा आणि ती ५६ ची.

दोघांची वयं आतून-बाहेरून जुळतात ती साठच्या दशकाच्या सुरुवातीला, कारण ८४ ची अर्धी वर्षं ४२. १९६२ मध्ये तो ४३ चा असतो आणि दिसतोही तितकाच; ती ३८ ची. कोकण रेल्वेच्या एकेरी मार्गावर क्रॉसिंगला गाड्या थांबतात तसं हे आहे. समोरासमोरून येणाऱ्या दोन गाड्या एका स्थानकात शेजारी शेजारी उभ्या राहतात, खिडकीतून खिडकीतल्या माणसाशी बोलता येतं, आणि मग दोघी आपापल्या दिशेने निघतात. डेझी आणि बेंजामिन यांना मिळालेला वेळ तेवढाच आहे. चित्रपटातल्या एकूण ८४ वर्षांत सात-आठ.

ज्याला हे गणित जाणवलं, त्याला १९६२ नंतरचं प्रत्येक सुखाचं दृश्य टोचू लागतं. ज्याला नाही जाणवलं, त्याला ती दोन देखणी माणसं घरात गादी टाकून आनंदाने राहतायत, एवढंच दिसतं आणि ‘पुढे काय’ असं होतं.

### मूळ कथा निराळ्या स्वभावाची

हा चित्रपट एफ. स्कॉट फिट्झजेराल्ड या अमेरिकन लेखकाच्या कथेवर आधारलेला आहे. ‘कॉलिअर्स’ साप्ताहिकात ती मे १९२२ मध्ये छापून आली. आयुष्याचा सर्वांत चांगला भाग सुरुवातीला आणि सर्वांत वाईट भाग शेवटी येतो, अशी खंत मार्क ट्वेनने व्यक्त केली होती. त्यावरून ही कथा सुचल्याचं फिट्झजेराल्डने लिहून ठेवलंय.

पण कथा वाचली तर चित्रपटाशी तिचं नातं नावापुरतंच वाटतं. ती बाल्टिमोरमध्ये घडते आणि १८६० मध्ये सुरू होते. तिथला बेंजामिन पूर्ण वाढलेला, दाढीवाला, बोलता म्हातारा म्हणूनच जन्मतो. बापाला मुलापेक्षा लोक काय म्हणतील याची काळजी. पुढे बेंजामिनचं बायकोवरचं प्रेम ती वयस्कर दिसू लागल्यावर आटतं. शेवटी तो नातवाच्या वयाचा होऊन त्याच्यासोबत बालवाडीत जातो. कथा मिश्किल आहे, समाजाच्या दिखाऊपणाला चिमटे काढणारी आहे.

सगळ्यात मोठा फरक असा, की कथेत शरीराबरोबर मनही मागे जातं. बेंजामिन जसा लहान होतो तशा त्याच्या आठवणी विरत जातात, आणि पाळण्यात पडलेल्या त्या जीवाला काही गमावल्याची जाणीवच उरत नाही. वेदना असलीच तर वाचकाला. पटकथाकार एरिक रॉथ आणि दिग्दर्शक डेव्हिड फिंचर यांनी मन सुलट दिशेनं चालू ठेवलं आणि एका फटक्यात विनोदी कथेची शोककथा झाली. हा बदल मला चित्रपटातला सर्वांत धाडसी निर्णय वाटतो. फिट्झजेराल्डचा खट्याळपणा शोधत आलेले वाचक मात्र त्यामुळेच हिरमुसतात, आणि त्यांची निराशा खोटी नाही.

### हा प्रोजेरिया आहे का?

नाही. आपल्याकडे डिसेंबर २००९ मध्ये ‘पा’ आला, अमिताभ बच्चन यांनी त्यात प्रोजेरिया झालेल्या मुलाची भूमिका केली, आणि दोन्ही चित्रपट एक वर्षाच्या आत आल्यामुळे अनेकांच्या डोक्यात ते मिसळले. प्रोजेरिया हा खरा, अत्यंत दुर्मीळ जनुकीय आजार आहे. त्यात मुलाचं शरीर फार लवकर म्हातारं होतं. म्हणजे घड्याळ सुलटच चालतं, फक्त फार वेगात. ती मुलं नंतर तरुण होत नाहीत. बेंजामिनला जे होतं तसा कुठलाही आजार नाही, ती निव्वळ कल्पना आहे. आजारी मुलांच्या आईबापांना लोक या चित्रपटाचा दाखला देतात तेव्हा हा फरक लक्षात ठेवायला हवा.

### तो म्हातारा चेहरा आला कुठून?

चित्रपट न आवडलेले लोकही एका गोष्टीला मानतात, ती म्हणजे म्हातारा बेंजामिन. अनेकांना वाटतं, तो बेंजामिन साकारणाऱ्या ब्रॅड पिटला केलेला रबरी मेकअप आहे. काही वयांसाठी मेकअप आहेच. पण पहिल्या तासाभरातल्या बेंजामिनचं डोकं पडद्यावर जे दिसतं ते पूर्णपणे संगणकात घडवलेलं आहे. सुमारे ५२ मिनिटं आपण एका अस्तित्वात नसलेल्या डोक्याकडे बघत असतो.

मेकअपने हे का जमलं नसतं? मेकअप चेहऱ्यावर थर चढवतो. म्हातारपणात मात्र चेहरा ओसरतो, गाल आत जातात, मान बारीक होते, डोळे खोल जातात. शिवाय अंगकाठी लहान हवी होती. त्यामुळे लहानखुऱ्या बांध्याच्या वेगवेगळ्या नटांनी शरीराचा अभिनय केला, डोक्याला निळी टोपी घालून. त्यांचं डोकं चित्रातून काढून तिथे संगणकातलं डोकं बसवलं.

खरी कसोटी होती ती हावभावांची. पॉल एकमन आणि वॉलेस फ्रिझेन या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये माणसाच्या चेहऱ्यावरच्या हालचालींची एक पद्धतशीर यादी प्रसिद्ध केली होती: कुठला स्नायू हलला की भुवई कशी होते, ओठाचा कोपरा कुठे जातो. ‘डिजिटल डोमेन’ या कंपनीच्या लोकांनी त्या यादीच्या आधाराने पिटच्या चेहऱ्याच्या सुट्या सुट्या हालचाली टिपल्या. त्याच्या चेहऱ्याचे साठी, सत्तरी आणि ऐंशीतले पुतळे शिल्पकारांनी घडवले, ते संगणकात उतरवले. मग शरीराचं चित्रीकरण झालेलं दृश्य समोर लावून पिटने फक्त चेहऱ्याने ती भूमिका केली आणि ते हावभाव म्हाताऱ्या डोक्यावर चढवले. दीडशेहून अधिक माणसं दोन वर्षं यावर राबली. प्रकल्प मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून हॉलिवूडमध्ये हातोहात फिरत होता. स्टीव्हन स्पीलबर्ग आणि रॉन हॉवर्ड यांनीही त्यावर विचार केला होता.

मेकअपची जबाबदारी ग्रेग कॅनम यांच्याकडे होती. मराठी प्रेक्षकांनी त्यांचं काम आणखी एका ठिकाणी पाहिलंय: २०१६ च्या ‘कपूर अँड सन्स’मध्ये ऋषी कपूर यांचा नव्वदीतला आजोबा त्यांनीच घडवला होता.

### १३ नामांकनं आणि मुंबईची गाठ

या चित्रपटाला ऑस्करची १३ नामांकनं मिळाली. तोवरचा विक्रम १४ चा होता. २२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री पदरात पडले तीन पुरस्कार: कलादिग्दर्शन, मेकअप आणि दृश्य परिणाम. ‘एवढी नामांकनं आणि एवढेच पुरस्कार, म्हणजे चित्रपट फुगवलेला होता’ असं तेव्हापासून बोललं जातं.

हिशोब मांडला तर वेगळं दिसतं. त्या वर्षी समोर मुंबईत घडणारा ‘स्लमडॉग मिलिअनेअर’ होता. त्याने आठ ऑस्कर जिंकले. त्यांतल्या सात विभागांत बेंजामिन बटनही नामांकित होता: चित्रपट, दिग्दर्शन, आधारित पटकथा, छायाचित्रण, संकलन, पार्श्वसंगीत आणि ध्वनिमिश्रण. अपवाद फक्त गाण्याचा. ए. आर. रहमान आणि रसूल पूकुट्टी मंचावर गेले तेव्हा ज्यांना मागे टाकून गेले त्यांत बेंजामिन बटनचे संगीतकार आणि ध्वनिमिश्रक होते. एक सुसाट पळणारी, जिंकून संपणारी गोष्ट आणि एक संथ, सगळं हरत जाणारी गोष्ट. मतदारांनी पहिली निवडली. त्यावरून दुसरीची लायकी ठरत नाही.

### “कल्पनाच मुळात चुकली आहे”

रॉजर ईबर्ट हे अमेरिकेतले फार वजनदार समीक्षक. त्यांनी अडीच तारे दिले. कारागिरीची त्यांनी स्तुती केली. आक्षेप होता तो पायावरच. आपण सगळे पुढे जगतो, माणसामाणसांतला जिव्हाळा एका दिशेने चाललेल्या सहप्रवाशांचा असतो. जो उलटा चाललाय त्याच्याशी डेझीने किंवा प्रेक्षकाने नातं कसं जोडायचं, असा त्यांचा मुद्दा होता.

आक्षेप गंभीर आहे आणि कंटाळलेल्या अनेक प्रेक्षकांना नेमकं हेच म्हणायचं असतं. मला तो पटत नाही, कारण वर पाहिलं तसं बेंजामिन आतून उलटा चाललेलाच नाही. तो आपल्यासारखाच पुढे जातो, शिकतो, चुकतो, माणसं पुरतो. उलटा चाललाय तो त्याला मिळालेला देह. आपलं शरीर आणि आपण एका वयाचे नसणं हा अनुभव परका कुठे आहे? सत्तरीतल्या आजींना विचारा. आतून त्या पंचविशीच्याच असतात.

### “हा तर दुसरा फॉरेस्ट गम्प”

यात तथ्य आहे. १९९४ च्या ‘फॉरेस्ट गम्प’ची पटकथाही एरिक रॉथ यांचीच. दोन्हीकडे अमेरिकेच्या दक्षिणेतला, पायांनी अधू असा मुलगा, सुभाषितं सांगणारी आई, बोटीवरचा कप्तान, दूर जाऊन परत येणारी बालमैत्रीण, आणि पार्श्वभूमीला अमेरिकेचं विसावं शतक. तिकडे पीस उडतं, इकडे गुणगुण्या पक्षी (हमिंगबर्ड) दिसतो. साचा तोच आहे हे मान्य करावं लागतं, आणि गुणगुण्या पक्षी नसता तर काही बिघडलं नसतं.

फरक आहे तो तापमानाचा. फॉरेस्टच्या भोवती इतिहास घडतो आणि तो नकळत त्यात शिरतो. बेंजामिन इतिहासाच्या कडेने चालतो. बघतो, ऐकतो, निघून जातो. म्हणूनच ‘नायक काही करतच नाही’ ही तक्रारही येते. तो वृद्धाश्रमात वाढलाय, हे तिचं उत्तर आहे. दर काही महिन्यांनी जेवणाच्या टेबलावरची एखादी जागा रिकामी होणार, हे त्याने पाचव्या वर्षी पाहिलंय. अशा मुलाला घाई आणि महत्त्वाकांक्षा कुठून येणार? मला हे स्वभावचित्रण पटतं. पावणेतीन तासांच्या चित्रपटाचा भार असा शांत माणूस एकट्याने पेलू शकत नाही, हेही तितकंच खरं, आणि मधल्या तासात ते जाणवतं.

### “न्यू ऑर्लिन्समध्ये वर्णभेद कुठे गेला?”

या आक्षेपावर माझ्याकडे बचाव नाही. १९१८ च्या न्यू ऑर्लिन्समध्ये काळ्या-गोऱ्यांना कायद्याने वेगळं ठेवलं जात होतं. ज्या खटल्यामुळे अमेरिकेत ‘वेगळे पण समान’ या नावाखाली भेदभावाला सर्वोच्च न्यायालयाची मान्यता मिळाली, तो १८९६ चा प्लेसी खटला याच शहरातून गेला होता. होमर प्लेसी हा माणूस गोऱ्यांच्या रेल्वे डब्यात बसला म्हणून पकडला गेला होता. आणि १९६० मध्ये, चित्रपटातले प्रेमिक एकत्र येण्याच्या जरासं आधी, याच शहरात रुबी ब्रिजेस ही सहा वर्षांची कृष्णवर्णीय मुलगी सरकारी अंगरक्षकांच्या पहाऱ्यात शाळेत गेली, कारण दाराशी गोऱ्या लोकांचा जमाव तिच्यावर ओरडत उभा होता.

यातलं जवळजवळ काहीही चित्रपटात उमटत नाही. एक काळी बाई गोऱ्या दिसणाऱ्या मुलाला मुलगा म्हणते आणि कुणाची भुवई वर जात नाही. टराजी पी. हेन्सन यांनी क्वीनी इतकी जिवंत केली की त्यांना ऑस्करचं नामांकन मिळालं. पण त्या बाईला स्वतःच्या शहराचा राग, भीती, अपमान असं काहीच दिलेलं नाही. तिचं सगळं आयुष्य दुसऱ्यांची शुश्रूषा करण्यात जातं आणि पटकथेला त्यापलीकडे तिच्याविषयी कुतूहल नाही. कॅटरिनाचंही तसंच. ऑगस्ट २००५ मध्ये बंधारे फुटून शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला, हजाराहून अधिक माणसं गेली, आणि त्यात काळ्या वस्त्यांची दैना सगळ्या जगाने पाहिली. चित्रपटात ते वादळ कथेला चौकट पुरवतं, एवढंच. चित्रीकरण त्या संकटानंतर त्याच शहरात झालं, हे लक्षात घेता ही उणीव जास्त खुपते. काळ हाच ज्याचा विषय आहे, त्या चित्रपटाने त्या काळातल्या माणसांवर काय गुदरलं ते वगळलं.

### “मुलीला टाकून गेला तो कसला नायक?”

बेंजामिनचं म्हणणं असं: मी लहान होत जाणार, डेझीला मग दोन मुलं वाढवावी लागतील, मुलीला बाप हवा, खेळगडी नको. तो सगळी मालमत्ता विकतो, पैसे त्यांच्या नावावर करतो आणि मुलीला आपण आठवण्याआधी निघून जातो. काहींना हा त्याग वाटतो, काहींना पळ.

मला वाटतं, त्याची घाई झाली. १९६९ मध्ये त्याचं शरीर तिशीतलं आहे. कॅरोलाइन दहा वर्षांची होईपर्यंतही तो धडधाकट तरुण राहिला असता. दहा वर्षं लाभलेला बाप हा काही थोडा बाप नव्हे. पण चित्रपट त्याला निर्दोष ठरवतो असं नाही. त्याने मुलीला दर वाढदिवसाला पत्रं लिहिली, ती पाठवली नाहीत, आणि ती पत्रं वाचणाऱ्या कॅरोलाइनच्या चेहऱ्यावर कृतज्ञतेपेक्षा दुखावलेपण जास्त आहे. त्याच्या बापाने त्याला पायरीवर ठेवलं होतं. त्याने वेगळ्या कारणासाठी, जास्त प्रेमाने, तरी तेच केलं.

### “शेवट तर्कात बसत नाही”

शेवटी, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, डेझीला निरोप येतो. एका पडक्या इमारतीत बारा-तेरा वर्षांचा मुलगा सापडलाय. त्याला आपण कोण ते आठवत नाही, जवळ एक डायरी आहे. मुलगा दिसतो, पण त्याला स्मृतिभ्रंश झालाय. चिकित्सक प्रेक्षक इथे अडतात आणि बरोबर अडतात. शरीर तरुण होत असेल तर मेंदूही शरीराचाच भाग, मग त्यालाच म्हातारपणाचा आजार कसा? तर्काने याला उत्तर नाही. चित्रपटाने सोयीप्रमाणे मेंदूला मनाच्या बाजूला टाकलंय.

तरीही ही तडजोड नसती तर चित्रपट पोकळ राहिला असता. डेझी त्या वृद्धाश्रमातच राहायला जाते आणि त्याला सांभाळते. आत्ताच जेवलोय हे तो विसरतो, चिडतो, छतावर चढून बसतो, तिला ओळखत नाही. अंगाने ते मूल आहे, पण तिला करावं लागतं ते सगळं आपण घरातल्या थकलेल्या माणसाचं करतो तेच: भरवणं, हात धरून चालवणं, तोच प्रश्न दहाव्यांदा शांतपणे ऐकणं. आयुष्याची दोन टोकं एकमेकांसारखी असतात हे आपण एरवी नुसतं म्हणतो. इथे एकाच देहात दोन्ही टोकं समोर ठेवलेली आहेत. पटकथा लिहिण्याच्या काळात रॉथ यांचे आई आणि वडील दोघंही गेले. वडिलांच्या मृत्यूचं या चित्रपटाशी असलेलं नातं फिंचर यांनीही बोलून दाखवलंय. मला ते शेवटच्या भागात दिसतं, कारण तिथे रडारड नाही, फक्त काळजी घेणं आहे.

आई-वडिलांचं किंवा आजीचं असं करून झालेल्या माणसाला हा भाग बघताना आपलं घर दिसतं. ज्याच्या वाट्याला ते अजून आलेलं नाही, त्याला एक संथ गेलेला शेवट दिसतो. त्यामुळे विशीत कंटाळवाणा वाटलेला हा चित्रपट पंचेचाळिशीत पुन्हा पाहावासा वाटला तर जरूर पाहा. घरात सध्या कुणाला विसरण्याचा आजार असेल, तर मात्र लावण्याआधी शेवटच्या वीस-पंचवीस मिनिटांत काय आहे हे घरच्यांना सांगून ठेवा आणि नको वाटलं तर तेवढा भाग सोडून द्या.